जिना

निपाणीत, विडी कारखान्यामागच्या खोलीत
प्रिंटर सकाळपासून जिना छापतोय.
पहिली ओळ डावीकडून नीट,
दुसरी, पहिली संपली तिथून खाली,
तिसरी कागदाबाहेर, रुळावर.
पगाराच्या पावत्या. ओट्यावर बायका बसून.

काल हेही नव्हतं. नुसती प्रश्नचिन्हं, अर्धे कंस.
युनिक्स नऊ हजार सहाशेच्या वेगानं बोलत होतं,
हा बाराशेनं ऐकत होता.
परवा तर अक्षरच नाही.
सिरियल केबल उघडली: दोनची तार दोनलाच.
दोघंही एकाच तारेवर बोलणारे,
ऐकायच्या तारेवर दोघंही गप्प.

चिक्कोडीच्या इराण्णानं डाख दिला.
त्याला मराठी कळतं, तोंडात कन्नड येतं.
माझं उलटं.
ह्याचं दोन त्याच्या तीनला, तो म्हणाला.
मी हो म्हटलं, माझ्या भाषेत.

आता राहिला जिना.
ओळ संपली की खाली उतर,
एवढंच युनिक्स सांगत होतं.
मागे फिर, समासाला ये,
हे सांगायचं सेटिंग कुणी लावलंच नव्हतं.

लावलं.
टक्. डोकं परत आलं. पुन्हा टक्.

"अजून किती ओ? अक्कोळची गाडी जाते माझी,"
म्हणत हौसाक्का निकम आत आली,
पावती फाडून घेतली, दिव्याखाली धरली,
बोटानं एकेक आकडा मोजला.

"अक्षर सरळ आलंय की ओ.
छाट तेवढी जास्त धरलीय.
ते कुठल्या तारेत बघायचं?"

इराण्णा माझ्याकडे बघत राहिला.
केबलचे दोन स्क्रू
अजून माझ्या मुठीत होते.