चार मागांची गाडी

चार माग गेले भंगारात, किलोवर.
पाचवा ठेवला नायनांसाठी.
आलेल्या पैशांत सोसायटीचं कर्ज घातलं
आणि ही आली,
तीन वर्षं वापरलेली, डिझेल,
वाळूच्या रंगाची, उंच पायांची.
अशोक चौकामागच्या आमच्या बोळात
एवढीच मावते. तीही आरसे मिटून.

"बाईमाणसाला एवढी मोठी कशाला गं?"
विड्या वळता वळता राजव्वानं विचारलं.
मोठी नाही, म्हटलं, उंच आहे.
खड्डा आला की मी वरून बघते त्याच्याकडं.

मागची सीट कायम पाडलेली.
तिथं टॉवेलांचे गठ्ठे, सुतळी, वजनकाटा,
आणि कधी सांडलेली कुणास ठाऊक,
शेंगाचटणी. उन्हात गाडी तापली
की अजून भूक लागते.

सोलापूरची थंडी ती काय, म्हणतात लोक.
दीड महिना, तोही उधारीवर.
पण पहाटे साडेपाचला काचेवर दव असतं,
वायपर नुसतंच धूळ सारवतो,
आणि इंजिन दोनदा खोकून गप्प बसतं.
तेवढ्यात नायना बाहेर येतात,
कानटोपी, खांद्यावर चादर.
चाळीस वर्षांत मागांनी त्यांचे कान खाल्ले.
आता ते तळव्यानं ऐकतात.
आधी बॉनेटवर दोन थापा,
आत ऊब शोधत बसलेल्या मांजरीसाठी.
मग हात तिथंच, डोळे मिटून.

एकदा म्हणाले, "दारम तेगिंदी."
धागा तुटलाय.
मला काहीच कळलं नव्हतं.
जैनुद्दीननं दोन तास खोलून बघितलं,
चारातला एक इंजेक्टर मार खात होता.
बिल लिहिताना म्हणाला,
"म्हाताऱ्याला माझ्याकडं पाठवा की ओ,
पगार देतो."

संक्रांतीनंतरची गोष्ट.
मंगळवेढ्याच्या लॉजला माल टाकून येताना
मांडीवर हुरड्याची पिशवी, काचा वर,
नायना शेजारी जागेच.
कामतीच्या पुढं रस्ता नुसता काळा,
आणि त्या काळ्यात आणखी काळं काहीतरी.
मी ब्रेकवर उभीच राहिले.
टॉवेलांचा एक गठ्ठा येऊन मानेवर आदळला.

उसाची ट्रॉली.
दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
चाकामागं फक्त एक दगड.
ट्रॅक्टरजवळ पोरगा उकिडवा, ओठ निळे.
परमेश्वर नाव, माजलगावकडचा.
एक्सल गेलाय, मालक फोन उचलत नाही.

भांडायचं होतं मला. शब्द तयार होते.
नायनांनी डिकी उघडली,
सेकंड क्वालिटीतला लाल टॉवेल काढला,
कडेला एक पीक सुटलेलं म्हणून परत आलेला,
आणि उसाच्या शेंड्यांना बांधला.
विणकराची गाठ.
दुसरा टॉवेल पोराच्या गळ्याभोवती.

मग गाडी ट्रॉलीच्या मागं, बरीच मागं लावली.
चारी दिवे लुकलुकत ठेवले.
आम्ही तिघं खाली, बाभळीखाली,
हुरडा भाजायला विस्तव नव्हता, कच्चाच खाल्ला.
तो टिक-टिक आवाज मला ऐकू येत होता.
नायनांना दिसत होता.
बोट गुडघ्यावर हलत होतं त्यांचं,
पीक मोजल्यासारखं,
मध्येच चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून.

ट्रक यायचे लांबून, भरधाव,
आणि आमच्या पिवळ्या उजेडापाशी
श्वास घेतल्यासारखे हळू व्हायचे.

पहाटे तीनला मेस्त्री आला.
बॅटरी तोवर झोपलेली.
ट्रॅक्टरनं ओढून चालू केली गाडी,
हसला परमेश्वर, दात दिसले पहिल्यांदा.

आता रस्त्यात ट्रॉली दिसली
की नायना आधी तिची शेपूट बघतात.
तो टॉवेल अजून कुठं दिसलेला नाही.
दवाखान्याची चादर झाला असेल, पोतेरं झाला असेल,
काय की.

काल बँकेचा हप्ता भरला.
आणि डिकीत सहा टॉवेल वेगळे काढून ठेवलेत,
लाल, कडेला चुकलेले.
हे विकायचे नाहीत, म्हणून
पिशवीवर तेलुगूत लिहिलंय नायनांनी,
मला वाचता येत नाही तरी.