समासातला बैल

पोथीघरात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.
हात धुऊन, कोरडे करून आत जायचं,
फोमच्या उशीवर पोथी अशी उघडायची
जशी आजाऱ्याची कूस बदलतात.
बाहेर येरेवानचा बर्फ चिखल झालाय
आणि मी, शोगेर, तिसऱ्या वर्षाची संशोधक,
सातशे वर्षांपूर्वीच्या एका राजाला
तक्त्यात बसवते आहे.

घटना कधी घडली. कधी सांगितली.
कोण पाहतं. कोण बोलतं.
कुणाला उद्देशून.
राजा गुणी आहे, निमूट रकान्यात बसतो.
समुद्रावरचे चाळीस दिवस एका ओळीत,
राणीचा निरोप दोन पानं,
म्हणजे इथे काळ मंदावला, अशी मी नोंद करते
आणि मला बरं वाटतं,
गंजल्या कुलपात किल्ली फिरल्यासारखं.

मग एकशे बारावं पान.
राजाचा एक पाय नावेत, एक वाळूवर,
आणि वाक्य पुरं व्हायच्या आत
तीच शाई, तोच हात:
"मी तिरातुर. बोटं वळत नाहीत.
शाई काखेत धरून वितळवतो आहे.
बैल परवापासून परतला नाही.
वाचणाऱ्या, अक्षर वाकडं असेल तर मला बोल लावू नकोस,
थंडीला लाव."
पुढच्याच ओळीत राजाचा दुसरा पाय नावेत.

हृपसिमेबाई म्हणाल्या, छान उदाहरण आहे,
कथनाच्या दोन पातळ्यांमधली भिंत ओलांडली गेली.
पण सांभाळ, 'मी' म्हणणारा माणूस नसतो,
ती मजकुरातली एक जागा असते.
बाई खरं बोलतात. अशाच थंडीच्या, अशाच माफीच्या ओळी
मी इतर नऊ पोथ्यांत वाचल्या आहेत.
ऐन उन्हाळ्यातही लेखनिक काकडायचे,
तशी रीतच होती.
पण बैल?
नऊ पोथ्यांत एकही बैल नाही.

एकशे एकोणिसाव्या पानावर अक्षर बदलतं.
शब्दाच्या मधोमध. 'समुद्र' अर्धा तिरातुरचा,
उरलेला दुसऱ्या कुणाचा, बारीक, डावीकडे कललेला.
आमच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द,
क्रियापदालाही लिंग नाही,
त्यामुळे हा दुसरा हात लिहितो की लिहिते
ते शेवटपर्यंत कळत नाही.
स्वतःबद्दल तो चकार शब्द काढत नाही.
राजा घरी पोचतो. लग्न लागतं.
सिद्धांताच्या लेखी निवेदक तोच राहिला.
पानाला विचाराल
तर त्या शब्दाच्या फटीत मेणाचा एक डाग आहे,
त्यावर भिंग धरून मी अख्खी दुपार घालवली.

रात्री वडलांना सांगितलं.
वडील, गुरगेन, बसगाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतात.
नखांत ग्रीस, समोर वाफाळतं सूप.
दोन पातळ्या, भिंत, जागा, सगळं सांगितलं,
ते पाव मोडत ऐकत राहिले.
मग म्हणाले, आणि बैल?
बाबा, बैलाचं पुढे काही नाही.
असं कसं, ते म्हणाले,
दुसऱ्यानं लिहायला घेतलं तेव्हा
गोठ्यात डोकावलं तरी असेल ना कुणी.
सूप निवेपर्यंत ते तिथेच अडकून होते.

सकाळी पुन्हा हात धुतले, कोरडे केले.
'कुणाला उद्देशून' या रकान्यात
आधी लिहिलं होतं: गृहीत श्रोता.
ते खोडलं नाही. त्याच्याखाली बारीक
लिहिलं: गुरगेन, रेडिएटरवाला.
बाई काढायला लावतील.

एकशे वीस. समासात काही नाही.
एकशे एकवीस.