अक्षराला बारा रुपये

सव्वीस जानेवारीच्या आधीचे आठ दिवस
माझा सीझन.
गंगावेशीतून लुना काढायची,
काळ्या रंगाचा डबा, टर्पेंटाइन, तीन ब्रश,
आणि निघायचं.
गावोगावची युद्धात गेलेली माणसं
वर्षभर फिकी पडून वाट बघत असतात.

दर ठरलेला. अक्षराला बारा रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
अनुस्वाराचे मागितले होते एकदा,
सरपंच म्हणाले, टिंबाला कसले पैसे रं?

शहरातले दगड मला पाठ.
बिंदू चौकात बुरुजाच्या सावलीला
रिक्षावाले तंबाखू मळतात,
पन्हाळ्याच्या चढाला पत्र्यावरचा इतिहास,
त्यावर भाजल्या कणसांचा धूर.
ते सगळं मोठ्या पेंटरकडं जातं.
माझ्याकडं येतात चावडीच्या भिंती.

यंदा भोगावतीकाठचं एक गाव.
नाव नको, बिल अजून निघालेलं नाही.
हातभर संगमरवर. वर इंग्रजी,
ते मी वाचत नाही, खाचेतून नुसता ब्रश चालवतो.
खाली आपलं:
या गावातून ४१ माणसे महायुद्धास गेली.
त्यांपैकी ६ जणांनी प्राण दिले.
नाव एकाचंही नाही.

बसल्या बसल्या हिशेब घातला.
गेलेल्यांचे दोन आकडे, चोवीस रुपये.
मेलेल्यांचा एक.
बारा.

तेवढ्यात अक्काताई मगदूम ताकाचा तांब्या घेऊन आली.
उभ्या उभ्या म्हणाली,
सहाचं सात कर की.
का वो?
माझा आजेसासरा. बसऱ्यास्नं परत आला हुता.
आला, पर घरात झोपला न्हाई कधी.
रातचं उठून गोठ्यातली जनावरं मोजायचा.
चार असली तर तीन भरायची त्याची.
एक इकली, तर दोन.
एकुणीस वर्षं.
मग एका पहाटं म्हणाला,
आता बरोबर हाय,
आणि निजला तो निजलाच.
ह्यो कुठल्या आकड्यात बसतोय, सांग.

मी ग्रामसेवकांकडं बघितलं.
ते मोबाइलमधनं वर न बघता म्हणाले,
सरकारी दगड हाय. खाडाखोड नको.

ताक प्यालो. आंबट होतं.

चावडीमागं नळाखाली एक वीरगळ आडवा पडलाय.
वर सूर्य-चंद्र, मधे घोडा,
घोड्यावरच्या गड्याला तोंडच नाही.
तलवारीनं नाही गेलं ते,
गोधड्या आपटून आपटून गेलं,
पिढ्यांच्या.
अक्काताई तिथंच धुणं घेऊन बसली.
म्हणाली, ह्येला बी लाव की थोडा रंग.
मी म्हणालो, ह्याच्यावर अक्षर न्हाई, मावशी.
बिलात काय लिहू?
ती हसली. मुलाची पँट पिळली,
त्याच्या घोड्यावर ठेवली निथळायला.

दुपारी उन्हं कलती झाल्यावर
सहाला हात घातला.
खाचेतनं ब्रश फिरवत आणला,
वळण घेतलं, शेपटी ओढली.
खोदीव रेघ संपली तिथं हात थांबायला पाहिजे होता.
थांबला नाही.
जोंधळ्याच्या दाण्याएवढा पुढं गेला,
कोऱ्या दगडावर.

तो काही सात नाही.
सहाही नाही अगदी.
ग्रामसेवकांनी लांबून फोटो काढला,
छान, म्हणाले, आणि सही केली.

घरी येऊन हात रॉकेलनं धुतले.
ब्रश मोजले. दोन.
नेले होते तीन.
पिशवी उलटी केली, पुन्हा मोजले. दोनच.
जरा वेळ तसाच बसलो मोरीपाशी.
मग चावडीच्या शिपायाला फोन लावला.
तो म्हणाला, अक्काताईनं ठेवून घेतलाय,
बैलाची शिंगं रंगवायला.
बेंदूर झाल्यावर घेऊन जावा म्हणत्यात.