गव्हर्नर

हर्णैच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागे
माझं दुकान. पाटी मोबाइल रिपेरिंगची,
गाळा बाबांचा. त्यांचा व्हाइस अजून कोपऱ्यात आहे,
त्याच्या जबड्यात मी सोल्डरची रीळ अडकवते.

यासीन तांडेलाने टॅब टेबलावर ठेवला.
दहा इंची, दहा वर्षांचा, कोपऱ्यात तडकलेला,
खाऱ्या हवेच्या धाकाने दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.
"नकाशा झ्याक दिसतो गो," म्हणाला,
"पण पहाटेपर्यंत नाय ऱ्हात.
जाळं ओढायच्या वक्ताला नेमका डोळे मिटतो."

नवी बॅटरी मिळत नाही. कंपनीने तर
याचं नाव केव्हाच टाकलंय.
म्हणून रूट केला, आत शिरले,
आणि सेटिंगमधला शब्द वाचून हसूच आलं:
गव्हर्नर.

तो मी पाचवीत असताना शिकले, शाळेत नव्हे.
बाबा होडीच्या इंजिनाचं झाकण काढून
दोन पोलादी वजनं दाखवायचे.
"वेग वाढला की ही फाकतात, डिझेल आवळतात.
वेग पडला की मिटतात, डिझेल सोडतात.
पंख्याखालून लाट निसटली की इंजिन उधळतं,
तेव्हा याची गरज."

टॅबमधल्या गव्हर्नरला कुणी शिकवून ठेवलं होतं,
बोट लागलं की थेट तेराशे मेगाहर्ट्झ.
चार कोर, चारही जागे.
एक ठिपका वल्हवायला चार गडी.

वरची हद्द आठशेवर आणली.
खालची एकशे दोन. दोन कोर झोपवले.
हवामानाचं एक ॲप दर मिनिटाला दचकून उठायचं
आणि टॉवर नसलेल्या समुद्रात पाऊस विचारायचं,
ते काढूनच टाकलं.
व्होल्टेज पंचवीस-पंचवीसने उतरवत गेले.
चौथ्या पायरीला पडदा गोठला,
सुवर्णदुर्ग अर्धा, पाणी अर्धं.
एक पायरी वर चढले.

बाबा दारातल्या खुर्चीत. कान गेलेत,
बत्तीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून.
टॅब त्यांच्या मांडीवर दिला.
त्यांनी पाठीवर तळवा टेकला,
हेडवर टेकायचे तसा.
"गरम नाही."
"गव्हर्नर बांधला," मी कानाशी ओरडले.
त्यांनी टॅब उलटा करून पाहिला.
"वजनं कुठायत?"
"वजनं नसतात. आकडे असतात."
"मग ओझं कळतं कशाने त्याला?"

सांगायला तोंड उघडलं,
की दर ऐंशी मिलिसेकंदांनी तो मोजतो
आपण किती वेळ रिकामे बसलो ते,
आणि त्यावरून ओझं ठरवतो.
पण हे ओरडून सांगायचं तर
बर्फवाले पोरगे बघत होते.

तीन रात्रींनी यासीन आला. पिशवीत सहा बांगडे.
"एकतीस टक्के उरली! एकतीस!"
मग बूड टेकवून, आवाज खाली आणून,
"एक बोलू? ठिपका मागं ऱ्हातो.
आमची नाव खडकाला वळसा घालून आली,
आन् हा अजून खडकावरच बसलेला."

बाबा बांगडे मोजत होते, दुसऱ्यांदा.

एकशे दोन खोडून दोनशे चार लिहिलं.
पहाटेचे किती टक्के जातील याचा हिशेब केला.
दोनशे चार खोडलं.
मग यासीनला विचारलं, खडक कुठला,
आणि भरती होती का तेव्हा.