तिसरं काय

कव्हर ओढलं तेव्हा आधी धूळ उठली,
मग पाल पळाली,
मग दिसली गाडी.
पाडव्यापासून जिन्याखाली उभी,
साइड स्टँडवर, डावीकडे कललेली,
मी काठीवर कलतो तशी.

शिवरात्र होऊन आठ दिवस झाले.
नागपुरातली थंडी एकदाच जात नाही;
दुपारी निघते, पहाटे चादर मागायला परत येते.

मी अजनी शेडचा. चौतीस वर्षं फिटर.
पाच हजार घोड्यांची इंजिनं
रात्री दोनला रुसायची माझ्यासमोर
आणि चारला निघायची इटारसीकडे.
आणि ही शंभर सीसी, सत्त्याण्णव सालची.
किक मारा की फुस्स.

किक मी नाही मारत.
उजव्या नडगीत प्लेट आहे, सात स्क्रू.
किक मारते वरच्या मजल्यावरची हर्षाली निनावे,
पॉलिटेक्निक, सेकंड इयर, पायात स्लिपर.
बूट घाल म्हटलं, किक उलटली तर घोटा जाईल.
"काऊन घाबरून राह्यले काका?"
म्हणाली, आणि तरी वर जाऊन
भावाचे कॅनव्हास घालून आली, दोन नंबर मोठे.

आधी पेट्रोल. नळी काढून बाटलीत धरलं:
कोऱ्या चहाचा रंग, वार्निशचा वास.
पंपवाला बाटलीत देत नाही म्हणून
तिनं स्वतःच्या स्कूटीतून काढून दिलं अर्धा लिटर,
"उधार हाय, लिहून ठेवा."
मग कार्ब्युरेटर. जेटच्या भोकातून
दाढीच्या ब्रशचा एक केस ओवला,
उजेडाकडे धरला, आरपार दिसला
समोरच्या गच्चीवरचा एक वाळणारा टॉवेल.
फुस्स.

बॅटरी तर मेलेलीच,
पण हिला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही.
प्लग काढला. काळा, ओला.
तवा घासावा तसा घासला,
इंजिनच्या अंगाला टेकवून किक मारायला सांगितली.
निळी टिचकी. पुन्हा निळी.
तिला हात लावून बघायचा होता. बघितला.
"अगा बाप्पा!" आणि हसत सुटली
बोटं झटकत.

प्लग लावला. किक, किक, किक.
काढला. पुन्हा ओला.

पेट्रोल आहे. ठिणगी आहे.
शेडमध्ये नव्या पोरांना मी नेमकं हेच विचारायचो
आणि गप्प बसले की डोक्यावर टोपी आपटायचो:
तिसरं काय?
आज पान्हा हातात घेऊन मीच गप्प.
घामानं स्वेटर टोचायला लागला.
"हवा," ती म्हणाली. "हवा, काका."

फिल्टरच्या डब्याचे दोन स्क्रू गंजलेले,
तिसरा नव्हताच.
आत तुरीची टरफलं,
गोधडीचा जांभळा दोरा,
आणि कापूस, ठासून भरलेला, मधे वाटीएवढा खळगा.
उंदीर नव्हता. बिऱ्हाड हलवलेलं.
पकडीनं ती कापूस ओढत गेली
आणि तो लांबतच गेला,
पिवळट, कडेला प्लास्टरचा चुरा.

ओळखला मी.
डिसेंबरात, रात्री खाज अनावर झाली की
विणकामाची सुई आत घालून
मी उपसायचो तोच,
आणि सकाळी रागावतील म्हणून
खाटेखाली ढकलायचो.
"हे कुठून आलं हो?"
काय माहीत, म्हटलं.

तिसऱ्या किकला खोकली.
चौथ्याला लागली,
एवढा धूर की वरून तिच्या आईनं
कपड्यांवरून, माझ्यावरून, गाडीवरून
एका दमात सगळं काढलं.
आम्ही दोघांनी ऐकलंच नाही.
टाकीवर हात ठेवला, थरथर
कोपरापर्यंत आली.

"एक चक्कर मारू?"
लायसन?
"हाय ना."
चारही गिअर पुढे, कमी करताना टाच. आणि चोक ढकल.
"माहीत हाय."
तिला माहीत नव्हतं.

गेटपाशी उभा राहून ऐकतो.
पहिला. ओढतेय, ओढतेय,
दुसरा उशिरा टाकला.
किराणा दुकानापुढचा गतिरोधक येतो
आणि माझा उजवा पाय
फरशीवर ब्रेक दाबतो, पुरता,
प्लेटीसकट.

येऊ दे परत.
दुसऱ्याचं सांगायला हवं.