अर्धा न

त्या साली लक्ष्मीपुरीत, आमच्या छापखान्यात
एकाच आठवड्यात दोन कामं आली.
एक बिंदू चौकातल्या सभेचं, लाल शाईतलं हँडबिल,
उद्यमनगरातल्या फौंड्रीच्या संपाचं.
दुसरं फादर तुस्कानोंचं, सोळा पानांचं:
रोमहून आलेलं परमगुरूंचं पत्र
वसईच्या मराठीत उतरवलेलं, रेघी वहीत,
आणि समासात आमच्यासाठी सूचना:
'परमगुरू' हा शब्द ओळीच्या शेवटी तोडू नये.

तोडला नाही.
पण तिसऱ्याच पानावर खिळे संपले.
न्याय, न्याय्य, अन्याय, न्यायानं…
म्हातारा एका दमात चारदा म्हणतो,
आणि आमच्या खणात अर्धा न असा तो किती?
लग्नपत्रिकेत एका कन्येपुरता लागतो,
कुस्तीच्या जाहिरातीत तेवढाही नाही.

मग मी लाल हँडबिलाचा फर्मा सोडला,
रॉकेलच्या बोळ्यानं पुसून
तिथला न्याय काढला
आणि पोपच्या ओळीत बसवला.
नीट पुसला नसावा.
पहिल्या प्रुफात, काळ्या मजकुरात
तीन ठिकाणी तांबूस न्या.
फादरनी चष्मा कपाळावर चढवला,
बोलले काहीच नाहीत.

पत्रात काय होतं म्हणाल,
तर एका पानावर लाल बावट्याला नको म्हटलेलं
आणि पुढच्या पानावर मालकाला खडसावलेलं,
की पोट भरेल एवढी मजुरी म्हणजे धर्मादाय नव्हे.
जणू एकच माणूस
दाराला आतनं कडी घालतोय
आणि खिडकीतनं भाकरी देतोय.
आमचा ओव्हरटाइम दोन महिने तटला होता.
ते पान जुळवताना मी मान वर करून मालकाकडं बघितलं.
मालक पान लावत होते.

गठ्ठा न्यायला पास्कू बारदेस्कर आला,
आजऱ्याचा, फौंड्रीत मोल्डर,
उजव्या पायावर वितळल्या लोखंडाचा डाग.
संपाचा अकरावा दिवस.
म्हणाला, "रविवारी फादर वाचणार हैत. चल की."

गेलो. मागं उभा राहिलो, चपला हातात घेऊन.
वेदी नुकतीच फिरवलेली,
पहिल्यांदाच फादरचं तोंड लोकांकडं
आणि पहिल्यांदाच मिस्सा मराठीत.
शेजारची रोजामाय डोळे पुसत होती:
"लॅटिन हुतं तवर बरं हुतं बाबा,
देवाला कळायचं, मला न्हाई.
आता माझं मलाच कळाया लागलंय."

पुढं खुर्चीवर फौंड्रीचे इंगवलेशेठ.
चर्चची घंटा त्यांनीच ओतून दिलेली, फुकट,
म्हणून आमंत्रण, म्हणून खुर्ची.

फादर वाचू लागले. माझे ओठ हलत होते,
मला पुढची ओळ पाठ,
अर्थानं नव्हे, बोटांनी.
नववं पान आलं.
फादर थांबले, घाम पुसला,
आणि दोन पानं एकदम उलटली.

कुणाला कळलं नसतं.
मला कळलं.
आणि मागच्या बाकावर, हातात तीच सोळा पानं घेतलेल्या
पास्कूला.
तो उठला. पाय ओढत नाही, नुसता उठला,
आणि सुटलेली ओळ वाचली,
अडखळत, बोट ठेवून,
न्यायाला न्याव म्हणत.

फादरनी त्याला गप्प केलं नाही.
पुस्तिका मिटली, हात बांधले,
आणि वर्गात चुकलेल्या पोरागत ऐकत राहिले.
शेठ घंटेकडं बघत होते.

संप मिटला, अर्धामुर्धा.
पास्कूला परत घेतलं, मोल्डिंगवर नाही, गेटवर.
माझा ओव्हरटाइम दिवाळीला आला, एकाच महिन्याचा.
फादरची बदली झाली; का, ते विचारलं नाही.

छापखाना मोडला तेव्हा खिळे किलोवर गेले.
मी एक उचलला.
अजून आहे, डबीत, औषधाच्या गोळ्यांबरोबर.
नातू विचारतो, हे अक्षर कसं म्हणायचं?
म्हणता येत नाही रे एकट्यानं.
पुढं कुणीतरी उभं राहावं लागतं.