दोन मिलिमीटर

पहाटे इनक्युबेटर उघडला, तर आईच्या तोंडातले जंतू
रात्रभर बशीवर पसरलेले,
पिठूळ, ठिपक्याठिपक्यांचे, सुखात.
सदतीस अंश. तिच्या जिभेखालचीच ऊब.

मागच्या रविवारी बोटीनं किऑसला गेले होते.
ती दारात बसली होती, मांडीवर परात,
शेजारी मारूको, समोर थेओफानो,
तिघी मस्तकीच्या खड्यांवरची माती
सुरीच्या टोकानं खरवडत.
मी म्हटलं, आ कर.
तिनं आ केला. कापसाची काडी फिरवून घेतली,
तर लगेच नवा खडा दाढेखाली.
दाढ म्हणजे उरलेली एक, डावीकडची.

जुलैत झाडाखाली पांढरी माती चाळून पसरायची,
सारवल्यासारखी गुळगुळीत,
मग खोडाला टोचे.
रडू दे, म्हणायची ती. सावकाश रडू दे.
तो डिंक विकताना व्यापाऱ्यापुढे
दाताच्या कण्या केल्या तिनं, वर्षानुवर्षं.
माझी फी त्यातूनच.
दातांच्या डॉक्टरकडे जायला बोट होती,
पैसे नव्हते.

बशीवर तीन चकत्या.
मस्तकीच्या अर्काची: भोवती स्वच्छ कडं,
जंतू तिथवर येऊन थबकलेले,
भरतीची रेघ वाळूत थांबते तसे.
कोरडी: तिच्यावर तर चढूनच बसलेले.
आणि नुसत्या अल्कोहोलची, ज्यात अर्क विरघळवला होता.
तिलाही कडं.
पट्टी लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली.
फरक दोन मिलिमीटर.

संध्याकाळी फोनवर तिनं विचारलं,
आपलं झाड पास झालं का?
म्हटलं, दोन मिलिमीटरनं. तेही एकाच बशीत.
तोंडात काय होईल, कुणास ठाऊक.
पलीकडे सुरी थांबली.
वाटलं, दुखावली.

मग म्हणाली, दोन मिलिमीटर म्हणजे
परातीच्या तळाशी राहतो तो चुरा.
तुझे बाबा झटकून टाकायचे.
मी नखानं एकेक वेचायची, तू निजल्यावर.
तुझा पहिला कोट त्या चुऱ्याचा, निळा,
आठवतो?

आठवत नव्हता.
हो म्हटलं.

मग पुन्हा कर, ती म्हणाली, नीट मोज,
आणि फोनमधून कट्‌कन आवाज आला,
एकाच दाढेचा.